स्लीव्हवर स्लीव्ह चढवू नये

निगडी प्राधिकरण,
गुरुवार

चि. सोनू हिस,


तुझा परवाचा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतेस आणि मग आपल्या मनाचंच करतेस. शिवाय लिहिलेलं असलं की टीममध्ये कुणाला दाखवता येतं. आज गुरुवार, एमआयडीसीला सुट्टी, माझ्याकडे वेळ आहे. तेव्हा सविस्तरच लिहितो.

तुझी अडचण मी अशी समजलो. चाकणला तुमच्या डिस्पॅच डॉकवर जे हँडहेल्ड स्कॅनर आहेत, त्यांचं अँड्रॉइड अ‍ॅप तू कोटलिनमध्ये लिहिते आहेस. स्कॅनर बनवणाऱ्यांची लायब्ररी जावात आहे. वजनकाट्याशी आणि एसएपीशी बोलणारा सर्व्हरवरचा कोडही जावात, तो भोसरीतल्या एका छोट्या ऑफिसनं लिहिलेला आणि अजून तेच सांभाळतात. तुला त्यांची काही फंक्शनं लायब्ररी म्हणून अ‍ॅपमध्ये घ्यायची आहेत, तुझी काही त्यांच्या सर्व्हरवरच्या कोडमध्ये द्यायची आहेत. आणि सध्या डोकेदुखी ही, की एकाच पेटीचं लेबल एकदा स्कॅन केलं तरी नोंदी दोन-दोन, तीन-तीन पडतात.

तुमचा लीड म्हणतो, दोन्ही भाषा एकाच रनटाइमवर चालतात, इकडचं फंक्शन तिकडे द्यायला अडचण येण्याचं कारणच नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. हँडहेल्डवर एआरटी, सर्व्हरवर जेव्हीएम, आणि दोन्हीकडे जावा-कोटलिन एकाच यंत्रावर शेजारी शेजारी नांदतात, हे खरंच. पण नेमक्या त्याच कारणानं चुकीची जोडणीसुद्धा कंपाइल होते, चालते, डेमोत छान दिसते, आणि थर्ड शिफ्टला डॉकवर गाड्या उभ्या असताना बोंब होते. दोन वेगळ्या मशीनवरचे प्रोग्राम असते तर मधे नेटवर्क असतं, काय पाठवायचं आणि काय परत येणार हे कागदावर लिहावं लागलं असतं, दोन्हीकडची माणसं सावध राहिली असती. इथं मधे काही दिसत नाही, म्हणून मधे काही नाहीच असं सगळे धरून चालतात.

मुळात खालच्या यंत्राला सुटं फंक्शन नावाची वस्तू ठाऊकच नाही. जावा १९९५ साली जाहीर झाली तेव्हा त्या यंत्राला क्लास कळत होते आणि क्लासमधल्या मेथड कळत होत्या. नुसतं फंक्शन उचलून दुसऱ्याच्या हातात ठेवायची सोय नव्हती. त्यामुळे पुढं या यंत्रावर जी जी भाषा आली, तिनं फंक्शनसाठी आपापला टाइप बनवला. क्लोजरमध्ये आयएफएन. स्कालात फंक्शन-वन, फंक्शन-टू अशी रांग. कोटलिनमध्ये फंक्शन-झीरोपासून फंक्शन-ट्वेंटीटूपर्यंत तशीच पण निराळी रांग. खुद्द जावात लॅम्डा आला तो मार्च २०१४ मध्ये, जावा ८ बरोबर, आणि जावानं तिसराच मार्ग धरला: ज्या इंटरफेसमध्ये लिहायची राहिलेली मेथड एकच आहे, तो कुठलाही इंटरफेस म्हणजे फंक्शन. एकट्या 'युटिल-फंक्शन' पॅकेजमध्ये असे ४३ इंटरफेस आहेत. एवढे कशाला, तर इंट, लाँग, डबल हे कच्चे आकडे उगाच ऑब्जेक्टमध्ये गुंडाळावे लागू नयेत म्हणून त्यांच्यासाठी वेगवेगळे. आता तुझ्या हातात 'एक स्ट्रिंग घेतं, काही परत देत नाही' असं साधं फंक्शन आहे. कोटलिनच्या लेखी ते फंक्शन-वन, जावाच्या लेखी कन्झ्युमर, आणि स्कॅनरवाल्यांच्या लेखी त्यांचा स्वतःचा लिसनर. काम तेच, पण यंत्राला विचारशील तर हे तीन टाइप एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

टूलरूममध्ये उभं राहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. ड्रिलिंग मशीनच्या स्पिंडलचा टेपर मोर्स चार आहे आणि हातातल्या ड्रिलचा शँक मोर्स दोन. कोणी ड्रिल बदलत नाही, स्पिंडलही बदलत नाही. मधे स्लीव्ह घालतात, बाहेरून चार, आतून दोन. पण चारची दोनाला बसणारी स्लीव्ह सापडली नाही म्हणून दोनावर तीनची, तीनवर चारची अशी स्लीव्हवर स्लीव्ह चढवली, की प्रत्येकीचा थोडा थोडा रनआउट साचत जातो आणि भोक मोठं पडतं. कोटलिनचा कंपायलर तुझ्यासाठी ही स्लीव्ह आपणहून बसवतो. तू जावाच्या मेथडला लॅम्डा देतेस, तो मुकाट्यानं त्याभोवती हव्या त्या इंटरफेसचं वेष्टन घालतो. त्याला सॅम कन्व्हर्जन म्हणतात हे तुला माहीत आहे. सोय म्हणून झकास. फक्त ते वेष्टन तुझ्या कोडमध्ये कुठं दिसत नाही, आणि फंक्शन व्हेरिएबलमध्ये ठेवून दिलंस तर दर वेळी नवं बनतं.

तुझ्या जास्तीच्या नोंदींचं मूळ इथंच असणार. स्क्रीन उघडली की तू स्कॅनरच्या लायब्ररीला लिसनर जोडतेस, स्क्रीन बंद झाली की काढतेस. दोन्ही ओळींत व्हेरिएबल एकच, त्यात कोटलिनचं फंक्शन. वाचणाऱ्याला वाटतं, जे जोडलं तेच काढलं. प्रत्यक्षात जोडताना एक वेष्टन बनलं आणि ते जावाच्या यादीत गेलं. काढताना दुसरंच वेष्टन बनलं. लायब्ररी आपल्या यादीत शोधते, सापडत नाही, आणि काही न बोलता परत येते, कारण असल्या यादीतून नसलेली वस्तू काढायला सांगितली तर बहुतेक लायब्रऱ्या तक्रार करत नाहीत. पहिला लिसनर तसाच जिवंत. स्क्रीन पुन्हा उघडली की दुसरा येतो. ट्रिगर एकदा दाबला, नोंदी दोन. तू लिहिलं आहेस की शिफ्टच्या सुरुवातीला आकडे बरोबर असतात आणि शेवटी फुगतात, ते याच्याशी नेमकं जुळतं. अँड्रॉइडच्या हँडलरला कोटलिनचं फंक्शन रननेबल म्हणून देऊन नंतर ते काढू पाहणारेही असेच फसतात. तिथं तर काम रद्द केलं असं वाटत राहतं आणि ते ठरल्या वेळी होतंच.

यावर करायचं ते एका ओळीचं आहे. व्हेरिएबलमध्ये फंक्शन ठेवू नकोस, लिसनरच ठेव. इंटरफेसचं नाव लिहून पुढं लॅम्डा दिलास की वेष्टन तिथल्या तिथं एकदा बनतं. ते नाव धरून ठेव, तेच जोड, तेच काढ. पुढं सवड झाली की कोरूटीनचा कॉलबॅक-फ्लो बघ. त्यात लिसनर जोडणं आणि 'अवेट-क्लोज'मध्ये तो काढणं एकाखाली एक लिहावं लागतं, त्यामुळे विसरायला जागाच राहत नाही. तुमच्यातल्या कोणीतरी इथं सस्पेंड-कॅन्सलेबल-कोरूटीन सुचवेल. स्कॅनरसाठी ते घेऊ नकोस. ते एकदाच उत्तर येणाऱ्या कामासाठी आहे आणि ट्रिगर दुसऱ्यांदा दाबला की 'आधीच रिझ्यूम झालंय' म्हणून एक्सेप्शन फेकतं. काट्याला 'आत्ताचं वजन सांग' असं विचारताना मात्र तेच बरोबर. आणि सर्व्हरवर पेटी क्रमांक युनिक करून जास्तीच्या नोंदी अडवण्याचा विचार कोणी मांडला तर हो म्हण, ते तसंही करायला हवं. फक्त तेवढ्यावर तिकीट बंद करू देऊ नकोस. आकडे बरोबर दिसू लागले तरी लिसनर साठतच राहतील आणि मग संध्याकाळी हँडहेल्ड मंद झाला म्हणून वेगळी तक्रार येईल.

फसण्याची दुसरी जागा नलची. तू कोटलिनवर विश्वास टाकायला शिकली आहेस, की टाइपपुढं प्रश्नचिन्ह नाही म्हणजे नल येणार नाही. घरच्या घरी हे खरं. जावाकडून येणाऱ्या टाइपवर अ‍ॅनोटेशन नसेल तर कोटलिन कसलंच वचन देत नाही. आयडीईमध्ये अशा टाइपपुढं उद्गारचिन्ह दिसतं, त्याचा अर्थ 'तुझं तू बघ' एवढाच. आणि फंक्शनच्या बाबतीत गोष्ट आणखी वाईट आहे. समज, भोसरीवाल्यांनी तुला जावातलं एक फंक्शन दिलं: बारकोडची स्ट्रिंग द्या, पार्ट नंबर घ्या. तुझ्या बाजूला त्याचा टाइप 'स्ट्रिंग घेतो, स्ट्रिंग देतो', प्रश्नचिन्ह नाही. ग्रीस लागलेलं, अर्धवट फाटलेलं लेबल आलं की त्यांचं फंक्शन नल देतं, जावात ती जुनीच रीत आहे. तुला वाटेल कोटलिन तिथंच पकडेल. नाही पकडत. कोटलिनचा पब्लिक फंक्शनमध्ये शिरणारा पॅरामीटर तपासला जातो, पण फंक्शन-टाइपमधून बाहेर येणाऱ्या उत्तरावर कोटलिन डोळे झाकून विश्वास ठेवतं. मग तो नल यादीत जातो, यादीतून टेम्प्लेटमध्ये जातो, आणि डिलिव्हरी चलनावर पार्ट नंबरच्या जागी इंग्रजीत 'नल' छापून येतं. गेटवरचा माणूस तुला फोन करील तेव्हा स्टॅक ट्रेसमध्ये दाखवायला काहीच नसेल, कारण फुटलं काहीच नाही. म्हणून जावाकडून आलेल्या फंक्शनच्या उत्तरापुढं सीमेवर प्रश्नचिन्ह लावायचंच, मग भोसरीवाले कितीही म्हणोत की 'आमच्याकडून नल येत नाही'. आणि नल आला तर काय करायचं, हेही तिथंच ठरवायचं. डॉकवरच्या माणसाला लेबल पुन्हा छापायला सांगायचं, की हातानं नंबर टाकू द्यायचा, हा प्रश्न तुझ्या सुपरवायझरचा आहे, त्याला विचार.

एक्सेप्शनचंही थोडंसं असंच. जावात चेक्ड एक्सेप्शन असतात, कोटलिनमध्ये तो प्रकार नाही. तुझ्या कोटलिन फंक्शनमधून आयओ-एक्सेप्शन बाहेर पडू शकतं, पण भोसरीतल्या माणसानं ते पकडायला कॅच लिहिला तर त्याचा कंपायलर म्हणतो, 'हे इथं फेकलंच जात नाही', आणि कंपाइल करू देत नाही. असं असेल तर 'थ्रोज' हे अ‍ॅनोटेशन लाव, म्हणजे त्यांना दिसेल. उलट बाजूचं जास्त फसवं आहे: जावाच्या साध्या फंक्शन इंटरफेसमधून चेक्ड एक्सेप्शन येणं शक्य नाही असं जावावाले गृहीत धरतात, आणि तू दिलेला कोटलिन लॅम्डा ते बेलाशक फेकतो.

थ्रेडबद्दल एकच सांगतो. रनटाइम एक म्हणजे थ्रेड एक नव्हे. स्कॅनरचा कॉलबॅक बहुधा लायब्ररीच्या स्वतःच्या थ्रेडवर येतो. तिथून थेट स्क्रीनला हात लावू नकोस.

आता भोसरीकडे जाणारी वाट. याबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथली माणसं जावात मुरलेली आहेत, आपल्याकडे सी-डॅकचा डीएसी करून या धंद्यात आलेली जी पिढी आहे ना, तसली. कोटलिन त्यांना येत नाही असं नाही, त्यांना त्याची गरज नाही. त्यांना तू 'डबल घेतं, युनिट देतं' असं फंक्शन मागितलंस, की त्यांच्या प्रत्येक लॅम्डाच्या शेवटी त्यांना 'रिटर्न युनिट-डॉट-इन्स्टन्स' लिहावं लागतं. जावात ज्याला काही परत करायचं नाही तो व्हॉइड असतो, आणि कोटलिनचं युनिट ही खरीखुरी वस्तू आहे, म्हणून ही कसरत. पहिल्या दिवशी ते हसतील, तिसऱ्या दिवशी तुझ्या नावानं बोटं मोडतील. त्यांच्यासाठी जावाचा कन्झ्युमर घे, नाहीतर कोटलिनमध्ये 'फन इंटरफेस' लिही. ती सोय २०२० च्या कोटलिन १.४ पासून आहे, आणि तिला नाव देता येतं, हा मोठा फायदा. 'वजन आल्यावर' असं नाव असलेला इंटरफेस दोन्हीकडच्या माणसांना वाचता येतो, 'फंक्शन-वन' कुणालाच काही सांगत नाही.

तसंच, तुझ्या फंक्शनला चार पॅरामीटर आणि त्यातल्या तिघांना डीफॉल्ट किमती असतील, तर जावाकडून चारही द्यावेच लागतात. 'जेव्हीएम-ओव्हरलोड्स' लावलंस की छोटी रूपं तयार होतात. क्लासबाहेर लिहिलेली फंक्शनं जावाला फाइलच्या नावापुढं 'केटी' लागलेल्या विचित्र क्लासमध्ये दिसतात. 'जेव्हीएम-नेम' लावून नीट नाव दे. सस्पेंड फंक्शन तर त्यांना देऊच नकोस. कंपायलर त्याला शेवटी कंटिन्युएशनचा एक छुपा पॅरामीटर जोडतो आणि तो जावातून हाताळणं म्हणजे छळ. त्याऐवजी कंप्लिटेबल-फ्यूचर परत कर, कोरूटीन लायब्ररीत त्यासाठी 'फ्यूचर' नावाचा बिल्डर आहे. आणि सीमेवरच्या कोडच्या टेस्ट जावात लिही. कोटलिनमध्ये लिहिलेली टेस्ट यातलं काहीही दाखवणार नाही, कारण कोटलिनला हे सगळं गोडच वाटतं.

हे सगळं वाचून तुला वाटेल कोटलिनवाल्यांनी घोळ घालून ठेवलाय. तसं नाही, उलट त्यांचं जमलेलं बरंच बरं आहे. स्कालात जावाचा लॅम्डा थेट स्कालाच्या फंक्शनच्या जागी देता येऊ लागला तो नोव्हेंबर २०१६ च्या २.१२ पासून, त्याआधी जावावाल्याला एक अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास घेऊन हातानं सगळं लिहावं लागे. क्लोजर २००७ पासून आहे, आणि तिचं फंक्शन पहिल्यापासून रननेबल, कॉलेबल, कम्पॅरेटर म्हणून चालतं, म्हणून थ्रेड आणि सॉर्टिंग बिनबोभाट होई. बाकीच्या इंटरफेसांसाठी कंपायलर आपणहून वेष्टन घालू लागला तो सप्टेंबर २०२४ च्या १.१२ मध्ये. आणि तिथंही हाच सल्ला आहे, की लूपमध्ये पुन्हा पुन्हा वेष्टन बनू द्यायचं नसेल तर ते एकदा नावात बांधून ठेवा. त्या कम्पॅरेटरची एक गंमत सांगतो, कारण तुझं काम वजनाचं आहे. क्लोजरमध्ये दोन वजनांची नुसती वजाबाकी देणारं फंक्शन कम्पॅरेटर म्हणून दिलं, की उत्तराचा पूर्णांक तेवढा घेतला जातो. १२.४ किलो आणि १२ किलोमधला फरक ०.४, त्याचा पूर्णांक शून्य, म्हणजे दोन्ही पेट्या सारख्या! जावात वजाबाकीवर इंटचं कास्ट मारणारेही हेच करतात. भोसरीच्या कोडमध्ये तसं कुठं आहे का, एकदा बघ.

आता तुझा शेवटचा प्रश्न. अँड्रॉइड स्टुडिओत जावाची फाइल कोटलिनमध्ये बदलून देणारं बटण आहे, तेव्हा सगळंच एकदा बदलून टाकावं का, म्हणजे सीमाच उरणार नाही? माझं उत्तर नाही. तुमच्या अ‍ॅपमधले छोटे जावा क्लास बदल, खुशाल. पण काट्याशी बोलणारा कोड वर्षानुवर्षं चालत आलाय, त्यातल्या विचित्र दिसणाऱ्या ओळी बहुतेक कुठल्या ना कुठल्या काट्याच्या खोडीसाठी आहेत. ते बटण टाइप बदलतं, त्या ओळी कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय स्कॅनरची लायब्ररी जावातच राहणार, म्हणजे सीमा राहतेच, फक्त सरकते. त्यापेक्षा ती एका ठिकाणी आण. एक वेगळं पॅकेज कर, जावाचे आणि कोटलिनचे फंक्शन-टाइप फक्त तिथंच एकमेकांना भेटतील. आतल्या बाजूला निव्वळ कोटलिन, बाहेर निव्वळ जावा. आज तुमच्या कोडमध्ये, तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून दिसतं, स्कॅनरच्या लिसनरमधून कन्झ्युमर, कन्झ्युमरमधून फंक्शन-वन, आणि त्यातून पुन्हा तुमच्याच कुणीतरी लिहिलेला कॉलबॅक अशी माळ आहे. मधले दोन काढून टाक. एक वेष्टन पुरतं.

लीडशी वाद घालत बसू नकोस. लिसनरची ती ओळ बदल, एक पूर्ण शिफ्ट चालू दे, आणि डॉकवरच्या नोंदी व प्रत्यक्ष लोड झालेल्या पेट्या जुळवून दाखव. पॅकेज वेगळं करण्याचं काम त्यानंतर माग, तेव्हा तो नाही म्हणणार नाही. आणि भोसरीला फोन करून, तुझी कोणती फंक्शनं ते कुठून बोलावतात याची यादी आधी घे. नावं बदलण्याच्या भरात त्यांचं बिल्ड मोडलंस तर पुढचे सहा महिने ते तुझ्या कुठल्याच सूचनेकडे लक्ष देणार नाहीत.

आईला सांग, गुडघ्याच्या व्यायामाचा कागद मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, तो नुसता बघायचा नसतो.

तुझा,
मामा

ता. क. कंपायलरनं कुठं काय बसवलंय हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अँड्रॉइड स्टुडिओत कोटलिनचा बाइटकोड उघड आणि लिसनर जोडण्याची व काढण्याची ओळ शोध. दोन्ही ठिकाणी वेष्टन बनवण्याची वेगवेगळी आज्ञा दिसेल. लीडला स्क्रीनशॉट तोच पाठव, माझं पत्र नको.